गाठ नाही

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. बडनेरा

आज घरात फक्त घरची माणसं उरली. मांडव सुटला, खुर्च्यावाला खुर्च्या घेऊन गेला. आत्याबाईंनी कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे करून दिले आणि मी त्यात साड्या, एएनएमचं सर्टिफिकेट आणि ही वही ठेवली. नर्सिंगच्या हॉस्टेलवर असल्यापासून अधूनमधून लिहायची सवय आहे. शाळेच्या मराठीत लिहिते, नाहीतर वाचताना मलाच हसू येतं.

सासूला घाबरायचं असतं म्हणे. मी काय घाबरणार, माझी सासू म्हणजे बाबांची सख्खी बहीण, पार्बताआत्या. लहानपणी माझे कान टोचताना तिनेच मला मांडीवर दाबून धरलं होतं. काल गृहप्रवेशाला माप ओलांडताना मी इतक्या जोरात लाथ मारली, की तांदूळ थेट सोफ्याखाली गेले. योगेश तोंडावर रुमाल धरून हसत होता. आत्याबाई म्हणाल्या, पोरगी चांदूरची हाय, हळू काही जमत नाही तिले.

योगेश माझा आतेभाऊ. आमच्याकडे मामाच्या पोरीवर आतेभावाचा हक्क धरतात, म्हणून हे घर आम्हा दोन बहिणींतल्या एकीचं होणार हे आम्ही फ्रॉक घालायचो तेव्हापासून ठरलेलं होतं. ती एक म्हणजे चंदाताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गोरी, बोलायला गोड. पण ताई सारखी आजारी पडू लागली, आणि अमरावतीचा दवाखाना जवळ पडतो म्हणून दोन वर्षांपासून इथेच, आत्याबाईंकडे राहते. दिवाळीत आत्याबाई चांदूर रेल्वेला आल्या आणि बाबांना म्हणाल्या, नत्थू, मंग लहानीले दे. दुकानात साडी बदलून घेतात तसं झालं सगळं.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. योगेश मला पंधराव्या वर्षापासून आवडतो, हे या वहीशिवाय कोणाला माहीत नाही. आज मी फार खूश आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घर तीन खोल्यांचं. सकाळचं ऊन येतं ती खोली ताईची. कूलरही तिथेच. दाराशी बादली, साबण, मास्कचा डबा. चपला बाहेर. तिचा पेला, ताट, चमचा वेगळा, पाणी वीस मिनिटं उकळलेलं. कोणाला साधी सर्दी असली तरी आत जायचं नाही. मला हे सगळं शिकवायला नको, मी ट्रेनिंगमध्ये हेच केलंय.

योगेश रेल्वेत आहे, त्याची ड्यूटी अकोल्यापर्यंत असते. गाडी सोडून घरी आला की तो आधी कोपरापर्यंत हात धुतो, मास्क लावतो आणि ताईच्या दारात उभा राहून दिवसभराचं सांगतो. मग चहा. मग मी. आज मी घड्याळ पाहिलं, बावीस मिनिटं. बहीण आजारी आहे आणि मी घड्याळ पाहतेय, मलाच माझी लाज वाटली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज ताईला घेऊन अमरावतीला गेलो. डॉ. फलक नावाच्या बाई तिला तपासतात. वयाने माझ्याएवढ्याच वाटतात, पण बोलतात एकदम शांत. मी नर्सिंगवाली आहे कळल्यावर त्यांनी कागदावर गोल काढून मला नीट समजावलं.

आपल्या अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात. रोज कुठे ना कुठे एखादी पेशी बिघडते आणि वाढू पाहते. पहिल्या जातीची पेशी तिला ओळखते, तिचा एक तुकडा घेऊन दुसरीकडे जाते आणि दाखवते, ही बघ, ही आपली नाही. मग दुसरी तिसरीला हाक मारते आणि तिसरी जाऊन मारते. ताईच्या अंगात ओळखणारी आहे. मारणारीही आहे. जन्मापासून बिघाड आहे तो मधल्या निरोपात. ओळखणारी सगळं पाहते, पण तिचं सांगणं पुढे पोचतच नाही. म्हणून ताईला साधे ताप सोडत नाहीत, आणि म्हणूनच कॅन्सरच्या गाठीची भीती जास्त. वेळेत सापडली तर इलाज आहे, असं बाई दोनदा म्हणाल्या.

हा दोष आई-बाप दोघांकडून एकेक आला तरच आजार होतो. आमचे आई-बाबा मामे-आते भावंडं. आजी-आजोबाही तसेच. आमचा भाऊ शुभम चार वर्षांचा होऊन वारला, तेव्हा घरात दृष्ट लागली म्हणाले होते. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, या बहिणीचं रक्त तपासलं का. एक तर हिलाही दोष असू शकतो, आणि नसला तर हिचा बोनमॅरो ताईला चालू शकतो. आत्याबाई म्हणाल्या, होळी होऊ द्या, पोरगी आत्ताच नांदायले आली. खरं कारण मला माहीत आहे. हीच तपासणी दिवाळीतही सांगितली होती. तेव्हा बाबा आणि आत्याबाई दोघांनी मिळून ठरवलं की लग्नाआधी नको, दुसरीतही काही निघालं तर मोडतं लग्न आणि भावकीत तोंड दाखवता येत नाही. मीही मान हलवली होती. मला लग्न पाहिजे होतं.

दर सोमवारी आणि गुरुवारी ताईची मान, काखा आणि जांघा हाताने तपासायचं काम माझ्याकडे आलं. एका निळ्या वहीत लिहायचं. पुढची तारीख पंधरा एप्रिल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तपासलं. गाठ नाही, असं लिहिलं.

योगेशने अकोल्याहून ताईसाठी मऊ सुती स्कार्फ आणला. फिका जांभळा. तिला बाहेरच्या कपड्याची पुरळ येते म्हणून दोनदा धुऊन, इस्त्री करून दिला. स्वतः इस्त्री केली. माझ्या ब्लाउजला हूक लावायला सांगितलं तर म्हणे, तुले येते ना.

माझ्यासाठी काय आणलं हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

ताईने आरशात पाहिलं आणि मला विचारलं, कशी दिसते वं मी. चांगलीच दिसत होती. मी म्हटलं, दिसते ठीक.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आम्हा दोघांचं चिखलदऱ्याला फिरायला जाणं दुसऱ्यांदा रद्द. ताईला ताप. आत्याबाई तिच्या उशाशी, योगेश दारात. मी चौघांचा स्वयंपाक केला आणि एकटी जेवले. जेवलीस काय असं कोणी विचारलं नाही. ताप उतरला तेव्हा सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. मीही ठेवली. ताई बरी व्हावी असं मी मनापासून म्हटलं, आणि ती बरी होऊन चांदूरला जावी असंही म्हटलं.

३ मार्च, सोमवार

आज उजव्या काखेत लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दुखत नाही, टणक आहे. माझी बोटं तिथे थांबली, मग पुढे गेली.

उद्या पहाटेच्या बसने आम्ही चिखलदऱ्याला जाणार. बॅग भरून झाली आहे. आत्ता सांगितलं तर बॅग उघडावी लागणार. दोन दिवसांनी काय होतं, आल्याबरोबर सांगते.

वहीत लिहिलं, गाठ नाही.

६ मार्च, गुरुवार

चिखलदरा छान आहे. कॉफी प्यायलो, दरीच्या कडेला उभे राहिलो, त्याने माझा हात धरला. दोन दिवसांत त्याने ताईला सात वेळा फोन केला. दरी दाखवायला व्हिडिओ लावला आणि मला म्हणाला, जरा बाजूले हो, तिले नीट दिसत नाही.

मी बाजूला झाले.

आज तपासलं. ती तिथेच आहे. सांगणार होते. ताई डोळे मिटून पडली होती आणि गळ्यात तो जांभळा स्कार्फ होता. गाठ नाही.

१० मार्च, सोमवार

चिंचोक्याएवढी. बोटाखाली थोडी सरकते, परत येते. मला वाटलं की तिला माझं बोट ओळखू येतं. मूर्खपणा. मी नर्स आहे.

परवापासून माझा घसा धरलाय. ताईच्या खोलीत मास्क दुप्पट करून गेले. कोणी विचारलं नाही, दुप्पट काहून.

१७ मार्च, सोमवार

आता दोन आहेत. एक मोठी, तिच्या बाजूला एक बारीक.

आता सांगायचं तर कधीपासून हे विचारतील. वहीत माझ्या अक्षरात पाच वेळा नाही लिहिलंय. मी आधी हात धुतले, मग लिहिलं, मग परत हात धुतले. तपासताना ताई माझ्याकडे पाहत होती. आधी कधी पाहत नसे, खिडकीकडे तोंड करायची. आज सरळ माझ्या डोळ्यांत. झालं काय, म्हणून तिने विचारलं. झालं, म्हटलं. तिने हात खाली घेतला आणि स्वतःच बटणं लावली.

१९ मार्च, बुधवार

डॉ. फलकचा फोन आला, होळी झाली ना म्हणून. अमरावतीला जाऊन रक्त दिलं. येताना योगेशने राजकमल चौकात मला गिला वडा खाऊ घातला. जुळलं तर तू देशील ना, असं त्याने विचारलं. इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी म्हटलं, देईन. मग घरी येईपर्यंत एकच विचार करत होते की हा हळू आवाज माझ्यासाठी नव्हता, माझ्या हाडातल्या मॅरोसाठी होता.

बाईंनाही मी काही बोलले नाही. त्या समोर बसल्या होत्या. विचारलंही, तपासणीत काही? मी वही पुढे केली.

३ एप्रिल, गुरुवार

बोराएवढी. आता कपड्यावरूनही कळते. मला कळते म्हणून कळत असेल.

सोमवार-गुरुवार आले की तपासणी मी संध्याकाळपर्यंत ढकलते. हात तिच्या काखेकडे न्यायचा म्हणजे कोणीतरी आत बसलंय आणि आपण दार वाजवतोय असं वाटतं. घसा बरा होत नाही. संध्याकाळी अंग तापतं. थर्मामीटर ताईच्या खोलीत असतो, मी मागितला नाही.

बाहेर ऊन बेचाळीस डिग्री. कूलर तिच्याकडे.

९ एप्रिल, बुधवार

काय झालं कोण जाणे. आज योगेश घरी आला, हात धुतले आणि आधी माझ्याकडे आला. स्वयंपाकघरात. दारात उभा राहून दिवसभराचं सांगितलं. मी घड्याळ पाहिलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आत्याबाईंनी मला स्वयंपाक करू दिला नाही. म्हणाल्या, बस वं माय, थकली असशील. मऊ खिचडी करून दिली. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

रिपोर्ट जुळला असणार. मॅरो देणारी म्हणून लाड. असू दे. लाड लाडच असतात. मी खिचडी दोनदा घेतली.

ताईला तपासलं. ती हसत होती. गाठ नाही.

१२ एप्रिल, शनिवार

अकोल्याहून माझ्यासाठी स्कार्फ आला. हिरवा. मऊ सुती. इस्त्री केलेला, त्याने स्वतः.

मी गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ताईला दाखवायला गेले. जिंकल्यासारखी गेले, खोटं कशाला लिहू. तिने पाहिलं आणि म्हणाली, दोनदा धुतला असन त्यानं.

वास घेतला. साबणाचा होता.

१३ एप्रिल, रविवार

नवा पेला. स्टीलचा. त्यावर माझं नाव, वर्षाली, कोरून आणलंय. माझं पाणी वेगळं उकळतंय, मी आवाज ऐकला. शेजारची चंद्रकला मावशी शिंकली, तर आत्याबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं.

दुपारी माझ्या खोलीच्या दाराशी बादली आणि साबण ठेवला. योगेश हात धुऊन आत आला.

रिपोर्ट काय आला, मी विचारलं. येईन ना, घाई काय आहे, म्हणाला. माझ्याकडे न पाहता. अशी नजर कशी चुकवायची ते मला चांगलं माहीत आहे. मी सहा आठवडे तेच करतेय.

१४ एप्रिल, सोमवार

बाहेर जयंतीची मिरवणूक. डीजेने खिडकीच्या काचा हलत होत्या. सगळे गच्चीवर. योगेशचा फोन चार्जिंगला होता.

रिपोर्ट आठ तारखेलाच आलाय. माझं नाव. ताईच्या फाइलमध्ये जे लांबलचक नाव आहे, तेच अक्षर न अक्षर. दोन्हीकडून आलेला दोष. मॅरो देता येणार नाही. तातडीने भेटावे.

सहा दिवस.

मी विचारलं. आत्याबाई रडल्या. म्हणाल्या, मले वाटलं योगेश सांगन. योगेश म्हणाला, मले वाटलं आई सांगन. आई म्हणे मामाले काय तोंड दाखवू, आपणच म्हटलं होतं लग्नाआधी तपासू नोका.

आणि मग आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं. चंदाच्या काखेतलं मी आंघोळ घालताना पाहिलं, पण तू शिकलेली, तू वहीत नाही लिहितेस, मंग मी अडाणी काय सांगू. योगेश खाली पाहत होता. त्यालाही माहीत होतं. एकदा तिला उठवून बसवताना हात लागला होता. वर्षाली पाहते ना, म्हणून तो गप्प राहिला.

सगळ्यांनी पाहिलं. कोणीच कोणाला सांगितलं नाही.

डीजे थांबला होता तेव्हा. घरात नुसतं पाणी उकळत होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आज अमरावतीची तारीख होती. आत्याबाईंनी फोन करून पुढे ढकलली. ऊन फार म्हणून. पोरीचं मन ठिकाणावर येऊ द्या म्हणून. आठ दिवस.

मी ऐकत होते. म्हणायचं होतं, आजच चला. ताईच्या काखेत बोराएवढी हाय म्हणायचं होतं. तोंड उघडलं. योगेश वाटीत कलिंगड घेऊन आला, बिया काढलेलं. माझ्यासाठी बिया काढल्या. मी कलिंगड खाल्लं.

दुपारी ताईकडे गेले. तिला विचारलं, तुले माहीत होतं काय. ती म्हणाली, तीन मार्चपासून. तुयं बोट थांबलं तवाच. मी वाट पायली, आज सांगन, उद्या सांगन. मायी बहीण हाय, नर्स हाय, सांगनच.

मग तू काहून नाही सांगितलं, मी म्हटलं.

ती म्हणाली, मले पायचं होतं तू किती दिवस नाही सांगत.

तिचा आवाज चढला नाही. मला बाजूला बसवलं, माझा स्कार्फ नीट केला. म्हणाली, आता तुयी खोली, तुया पेला, तुया योगेश. भेटलं ना सगळं. तिची बोटं माझ्या कानामागून मानेवर खाली आली. एका जागी थांबली. मग पुढे गेली.

काय लागलं, मी विचारलं.

काही नाही, म्हणाली. अन् हसली.

१६ एप्रिल, बुधवार

मी स्वतः हात लावून पायलं नाही. येते मले तपासता. शंभर जणींचं पायलं. आपल्या मानेकडे हात जात नाही—

आत्याबाई केस विंचरताना मागे थांबतात. योगेश बोलताना नजर कानाखाली जाते अन् उडून येते. विचारलं की काही नाही. तिघंही, काही नाही.

ताई जेवत नाही दोन दिवस. तिच्या दारात कोणी उभं राहत नाही. सगळे मायाकडे. आतून हाक आली तिची, बारीक. योगेश उठला. मी म्हटलं, मले चक्कर येते. तो बसला.

चक्कर येत नव्हती.

१७ एप्रिल, गुरुवार

तपासायचा दिवस. गेली नाही.

हात लावला शेवटी. डावीकडे, कानाखाली. हाय.

डॉक्टरबाईचा नंबर लावून ठेवला हाय समोर. फक्त दाबायचं. वेळेत सापडली तर इलाज हाय, दोनदा म्हणाल्या. पण मायं सांगायचं तं आधी तिचं सांगा लागते. तीन मार्चपासून सांगा लागते. मंग योगेशले कळन मी काहून नाही लिहिलं, चिखलदऱ्यासाठी, स्कार्फसाठी— मंग तो मायाकडे पायनही नाही. मंग तिच्याकडे जाईन. मरता मरता बी तिच्याकडेच—

आता खोलीतून आवाज येत नाही तिचा. सकाळपासून नाही. आत्याबाईले वाटते मी पायलं. योगेशले वाटते आत्याबाईनं पायलं. मले ऐकू येऊन राहिलं की काहीच ऐकू येत नाही. मले एकटीले माहीत हाय—

उठते. आताच उठते अन् बाहेरच्या खोलीत जाऊन सांगते, दोघं बसले हायत तिथंच. पाच-सात शब्द. चंदाताईले दवाखान्यात न्या, तिच्या—

योगेश आला दारात. हात धुऊन राहिला. कूलर उचलून आणला त्यानं तिच्या खोलीतून, मायासाठी. बटण लावून राहिला. म्हणे, थंड वाटते काय वं आता. इतक्या हळू आवाजात. मी सांगते. त्याचं होऊ दे, तो वळला की सांगते, योगेश, चंदाताईच्या